वरवंट्याचे बारसे : मराठी गद्य आपला परिसर पाहायला कसे शिकले?

बारशाच्या दिवशी अनेक मराठी घरांत एक छोटासा विधी होतो. पाट्यावर वाटण वाटायचा वरवंटा स्वच्छ धुऊन घेतात, त्याला बाळासारखे कपड्यात गुंडाळतात आणि देवाची नावे घेत बायका तो पाळण्याच्या वरून-खालून एकमेकींच्या हाती देतात. मग वरवंटा पाळण्यात, बाळाच्या शेजारी किंवा पायाशी, ठेवला जातो. नाव ठेवून होते, घुगऱ्या वाटल्या जातात आणि वरवंटा पुन्हा स्वयंपाकघरात आपल्या जागी जातो. हा विधी पाहिला नाही असा मराठी वाचक विरळा. परंतु 'मुलाच्या पाळण्यात दगड का?' हा प्रश्न पडलेला वाचक त्याहूनही विरळा असावा.

दामोदर धर्मानंद कोसंबी यांना तो पडला. १९५६ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय इतिहासाच्या अभ्यासाविषयीच्या आपल्या इंग्रजी ग्रंथात त्यांनी पाटा-वरवंट्याची दखल एखाद्या शिलालेखाची घ्यावी तितक्या गांभीर्याने घेतली. धान्य दळण्याचे अश्मयुगीन साधन आणि मराठी स्वयंपाकघरातील पाटा यांचे नाते त्यांनी दाखवले. बारशातील हा विधी ब्राह्मणांच्या घरातही होतो, पण त्याला शास्त्रग्रंथांचा आधार नाही. तो बायकांनी बायकांकडून उचललेला आहे, हेही त्यांनी हेरले. म्हणजे पोथीत न सापडणारा इतिहास पाळण्यात सापडतो, असे त्यांचे म्हणणे.

कोसंबींचा निष्कर्ष बरोबर की चूक, याकडे पुढे वळू. आधी एक वेगळाच प्रश्न विचारायला हवा. रोज डोळ्यांसमोर असलेली वस्तू दिसायला इतका काळ का लागतो? आपण समजतो की परिसर पाहणे ही उपजत गोष्ट आहे. डोळे उघडे असले की झाले. साहित्याचा इतिहास याच्या उलट साक्ष देतो. परिसराकडे लक्ष देणे ही शिकावी लागणारी गोष्ट आहे, आणि मराठी गद्य ती टप्प्याटप्प्याने, वेगवेगळ्या कारणांनी, काही वेळा फार महाग किंमत देऊन शिकले आहे. ती किंमत कोणी दिली, हा या लेखाचा खरा विषय आहे.

भक्तीची नजर

मराठी गद्याचा आरंभच या दृष्टीने विलक्षण आहे. तेराव्या शतकाच्या अखेरीस म्हाइंभटांनी 'लीळाचरित्र' सिद्ध केले. चक्रधरांच्या आठवणी गोळा करताना त्यांनी तत्त्वज्ञानापुरते पाहिले नाही. स्वामी कोठे बसले, काय जेवले, कोणत्या वाटेने गेले, कोणाशी काय बोलले, हे सारे नोंदण्याजोगे ठरले. महानुभावांची 'स्थानपोथी' त्याच्याही पुढे जाते. स्वामींचा जेथे जेथे वास झाला ती ठिकाणे, तेथील देवळे, त्यांच्या दारांच्या दिशा, एका स्थानापासून दुसरे स्थान कोणत्या बाजूला, असा तपशील ती देते. आजचा स्थलसंशोधक ज्या बारकाईने आराखडा काढील त्या बारकाईने एका पंथाने आपला भूगोल शब्दांत धरून ठेवला.

ही नजर कुतूहलातून आलेली नाही, विरहातून आलेली आहे. ज्या माणसाच्या पावलांनी जागेला अर्थ आला तो माणूस निघून गेला. आता जागा विसरली तर तोही विसरला जाईल, ही भीती तिच्यामागे आहे. म्हणून ती जागा सांगते त्या स्वामींच्या पावलांपुरत्या. त्या वाटेवरची इतर घरे, त्या घरांतील इतर माणसे लीळेत आली तरच दिसतात. तरीही लक्ष देण्यामागे गमावण्याची जाणीव असते, हा धडा मराठी गद्याने पहिल्याच शतकात घेतला होता.

पुढच्या काळात संतकाव्यात जाते, चूल, शेत, बाजार विपुल आहेत. पण तेथे त्यांचे काम बहुधा दृष्टान्ताचे आहे. जाते जात्यासाठी येत नाही, दुसरे काही समजावण्यासाठी येते. बखरींत लढाया आणि दरबार आहेत. सैन्य ज्या गावावरून गेले त्या गावातील विहिरीला पाणी किती होते, हे बखरकाराला सांगावेसे वाटत नाही. यात त्यांचा दोष नाही. त्यांच्या वाचकाला ते ठाऊकच होते. जे सर्वांना ठाऊक आहे ते कोणी लिहीत नाही, आणि म्हणून तेच सर्वांत आधी नाहीसे होते.

परक्याचा कान, नवख्याचा डोळा

एकोणिसाव्या शतकात ही स्थिती बदलली ती परक्यांमुळे. मोल्सवर्थ यांचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली निघाला. त्याची वाढवलेली दुसरी आवृत्ती १८५७ साली आली. आजही मराठीचा अभ्यासक त्याच्याकडे वळतो, याचे कारण त्यातील शब्दांची संख्या एवढेच नाही. शेतातील अवजारांचे भाग, गुरांचे रंग, भांड्यांचे प्रकार, बायकांच्या बोलण्यातील शब्द, प्रांताप्रांतांतील फरक, हे सारे तेथे सापडते. ज्याला भाषा येत नाही त्याला प्रत्येक शब्द विचारावा लागतो, आणि विचारताना कोणता शब्द थोर आणि कोणता क्षुद्र हे त्याला कळत नाही. हे अज्ञान कोशाला उपकारक ठरले. अर्थात कोशामागे राज्यकारभाराची गरज होती, आणि शब्द पुरवणारे एतद्देशीय पंडित होते, हेही विसरता येणार नाही. परक्याचा कान आणि आपली जीभ यांच्या भेटीतून रोजची भाषा प्रथमच कागदावर आली.

नवखेपणाचा असाच फायदा गोविंद नारायण माडगावकर यांना झाला. जन्म गोव्यातील, आयुष्य मुंबईत शिक्षकी पेशात गेलेले. १८६३ साली त्यांचे 'मुंबईचे वर्णन' प्रसिद्ध झाले. एका शहरावर इतके सविस्तर मराठी पुस्तक त्यापूर्वी नव्हते. किल्ला, तलाव, देवळे, बाजार, शाळा, छापखाने, नाना जातींचे आणि नाना भाषांचे लोक, दहा वर्षांपूर्वी सुरू झालेली आगगाडी, असे सारे शहर या पुस्तकात ओळीने उभे राहते. माडगावकरांची शैली साधी, किंचित उपदेशपर. सुधारणेविषयीचा त्यांचा विश्वास आज भाबडा वाटण्याइतका अढळ. पण एक गोष्ट त्यांना नेमकी उमगली होती. शहर बदलत आहे, आणि आज जे सर्वांना माहीत आहे ते आणखी पन्नास वर्षांनी कोणालाच माहीत नसेल. 'लीळाचरित्रा'मागची गमावण्याची भीती येथे लौकिक रूपात परत येते. १८८९ साली आचार्य आणि शिंगणे यांनी 'मुंबईचा वृत्तांत' लिहिला, तेव्हा हा वर्णनाचा प्रकार मराठीत रुळला होता.

एकाच गावाचे दोन पंचनामे

शहराचे वर्णन नवखा माणूस करतो; खेड्याचे वर्णन कोण करणार? खेड्यातला माणूस लिहीत नव्हता आणि लिहिणारा माणूस खेड्यात राहत नव्हता. या कोंडीतून मराठीत दोन वाटा निघाल्या. त्या एकमेकींशेजारी ठेवून पाहिल्या पाहिजेत.

पहिली वाट जोतीराव फुले यांची. १८८३ साली त्यांनी 'शेतकऱ्याचा असूड' लिहून पूर्ण केला. हा ग्रंथ आपण त्यातील विचारांसाठी शिकवतो आणि ते योग्यच आहे. पण त्यात एका कर्जबाजारी कुणब्याच्या घराचे जे सविस्तर वर्णन येते, त्यापाशी थांबायला हवे. बाहेर गुरांची जागा, आत भांडीकुंडी, अंथरूण-पांघरूण, अंगावरचे कपडे, आजारपण, धूळ, शेण: जोतीराव जणू घराची जप्ती करायला आल्यासारखे एकेक वस्तू मोजतात. मराठी गद्यात गरिबाच्या घरातील वस्तूंची इतकी निश्चयी मोजदाद त्यापूर्वी क्वचितच झाली असेल. या यादीत करुणरस घोळवलेला नाही. यादी हाच आरोप आहे. शेतसारा आणि सावकारी यांचा अर्थ काय, तर या घरात नेमक्या एवढ्याच वस्तू उरल्या आहेत. वर्णनाला पुराव्याचे काम देणे ही जोतीरावांची मराठी गद्याला फार मोठी देणगी आहे, आणि वाङ्मयाच्या इतिहासात तिची नोंद पुरेशी झालेली नाही.

दुसरी वाट त्रिंबक नारायण आत्रे यांची. सरकारी महसूल खात्यातील अनुभवातून त्यांनी १९१५ साली 'गावगाडा' प्रसिद्ध केला. पुस्तकाचे महत्त्व वादातीत आहे. पिकाखालची ती काळी आणि वस्तीची ती पांढरी, येथपासून आत्रे गाव उलगडू लागतात. वतन म्हणजे काय, पाटील-कुलकर्ण्यांचे अधिकार कोठे सुरू होतात आणि कोठे संपतात, सुतार-लोहारापासून परीट-न्हाव्यापर्यंत कोणाला खळ्यावर किती मिळते, त्याबदली कोणी काय करायचे, सणावारी कोणाचा मान कोणता, गावावरून जाणारे फिरस्ते कोण आणि काय मागतात, हे सारे त्यांनी लिहून ठेवले. बलुतेदारांच्या थोरली, मधली आणि धाकटी अशा ओळी गावपरत्वे थोड्या बदलत. पण त्यांमागचा हिशेब आत्र्यांनी जितका स्वच्छ मांडला तितका मराठीत दुसऱ्या कोणी क्वचितच मांडला असेल. भाषा ठसठशीत, म्हणींनी भरलेली, खेड्यातील शब्द जसेच्या तसे ठेवणारी. 'गावगाडा' नसता तर शेकडो शब्द आणि त्यांमागचे व्यवहार आपल्याला आज समजलेच नसते.

मात्र ही नजर कोठून पाहते आहे? गावाच्या सीमेवर अधिकाऱ्याची राहुटी पडलेली असते, आणि तिच्या दारातून दिसते तेवढे गाव दिसते. कुणब्याविषयी आत्र्यांना कळवळा आहे. पण त्यांच्या हिशेबात बलुतेदार आणि फिरस्ते हे बहुतांशी कुणब्यावरचे ओझे ठरतात. मागणारा किती मागतो हे ते मोजतात. त्याला मागावे का लागते, हे त्या मोजमापात येत नाही. 'गावगाड्या'पूर्वी, १९११ साली, आत्र्यांनी 'गुन्हेगार जाती' हे पुस्तक लिहिले होते. १८७१ च्या कायद्याने ब्रिटिश सरकारने काही जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवण्याची व्यवस्था केली होती. हजेरी, पास आणि सक्तीच्या वसाहती तिच्यामागून आल्या. १९५२ साली तो कायदा रद्द होईपर्यंत पिढ्यान्‌पिढ्या माणसे त्या शिक्क्याखाली जगली. अशा कायद्याला माहिती लागते. कोणत्या जमातीची बायको कसे लुगडे नेसते, कोणती भाषा बोलते, पाल कसे ठोकते, याची बारीक निरीक्षणे लागतात.

येथे आपल्या विषयातील अवघड जागा येते. बारकाईने पाहणे हा आपण निव्वळ सद्गुण मानतो. लेखकाची प्रशंसा करताना 'सूक्ष्म निरीक्षण' हा शब्दप्रयोग आपण सढळपणे वापरतो. पण पोलीसही सूक्ष्म निरीक्षण करतो. जोतीराव कुणब्याचे घर मोजतात आणि अधिकारी भटक्यांचे पाल मोजतो. दोन्हीकडे तपशील आहे, दोन्हीकडे बारकावा आहे. फरक इतकाच की एका मोजणीत वस्तूंचा मालक फिर्यादी आहे आणि दुसरीत तो आरोपी आहे. निरीक्षण किती सूक्ष्म आहे हे विचारून भागत नाही. ते कोणाच्या बाजूने केले आहे, हेही विचारावे लागते.

घराच्या आत

गावाच्या वेशीवरून घरात यायला मराठी गद्याला आणखी काही वर्षे लागली, आणि ते काम बव्हंशी स्त्रियांनी केले. लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' १९३४ पासून पुढच्या काही वर्षांत भागाभागाने प्रसिद्ध झाली. त्यांच्या वडिलांचे सोवळे मराठी वाचकांच्या कायमचे लक्षात राहिलेले आहे. बाहेरून घरात येणारी वस्तू धुतल्याशिवाय आत घ्यायची नाही, या हट्टापायी सारे घर कसे जेरीस आले होते, ते लक्ष्मीबाई हसत हसत सांगतात. पण विनोद बाजूला ठेवून पाहिले की ध्यानात येते ते वेगळेच. जात ही संकल्पना घरात प्रत्यक्ष कशी राहते, हे त्या दाखवत आहेत. ती पाण्याच्या हंड्यात राहते, ओल्या लुगड्यात राहते, उंबरठ्यावर थबकलेल्या पावलात राहते. पुढे नारायण वामन टिळकांनी १८९५ साली ख्रिस्ती धर्म स्वीकारल्यानंतर त्यांच्या स्वतःच्या मनात जो झगडा झाला तोही कोणाच्या हातचे पाणी प्यावे, कोणाच्या पंक्तीला बसावे, अशा रोजच्या रूपातच त्यांनी मांडला. फारसे शिक्षण न मिळालेल्या या बाईंनी सिद्धान्ताचा एकही शब्द न वापरता जे लिहिले त्याला आज समाजशास्त्रज्ञ दैनंदिन व्यवहाराचा अभ्यास म्हणतील.

हीच दृष्टी शास्त्राची शिस्त घेऊन इरावती कर्वे यांच्याकडे आली. 'परिपूर्ती' (१९४९) मधील 'वाटचाल' या लेखात त्या वारीबरोबर चालतात. भक्तिभावाने भारावून जाणे आणि मानववंशशास्त्रज्ञ म्हणून पाहणे या दोन्ही गोष्टी त्या एकाच वेळी करतात. त्यामुळेच, सारे विठ्ठलाचे म्हणवत असतानाही जेवणाच्या वेळी जातवार चुली वेगळ्या पेटतात, हे त्यांच्या नजरेतून सुटत नाही. गाणे एक आणि स्वयंपाक वेगळा: वारीविषयीच्या कित्येक भावपूर्ण लेखांनी जे झाकले ते या एका निरीक्षणाने उघडे केले.

याच सुमाराची दोन पुस्तके येथे नोंदवून पुढे जाऊ. ना. गो. चापेकर यांनी न्यायखात्यातून निवृत्त झाल्यावर आपल्या गावाचाच अभ्यास केला आणि १९३३ साली 'बदलापूर' हा ग्रंथ सिद्ध केला; एका सामान्य गावाचे घरे, धंदे, चालीरीती, शब्द यांसह केलेले ते दस्तऐवजीकरण आजही थक्क करणारे आहे, विशेषतः आजचे बदलापूर स्थानक सकाळी आठला पाहिलेल्या वाचकाला. दुर्गा भागवतांच्या 'ऋतुचक्रा'ने (१९५६) बारा महिन्यांच्या क्रमाने झाडे, फुले, पाखरे, आकाश यांकडे पाहण्याची शिस्त मराठी ललितगद्याला लावली. वर्षातून एकदा येणाऱ्या पळसाच्या फुलांची कविता सर्वांनी केली होती; फुले नसताना झाड काय करते, हे पाहण्याची सवय दुर्गाबाईंनी लावली.

पायी इतिहास

'ऋतुचक्र' ज्या वर्षी आले त्याच वर्षी कोसंबींचा इतिहासग्रंथ आला, हा योगायोग अर्थपूर्ण वाटतो. कोसंबी व्यवसायाने गणिती. १९०७ साली गोव्यातील कोसबें येथे जन्म, फर्ग्युसन महाविद्यालयात अध्यापन, नंतर मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत नोकरी. राहणे पुण्यात आणि 'डेक्कन क्वीन'ने जाणे-येणे. इतिहासाकडे ते नाण्यांच्या वाटेने आले. प्राचीन आहत नाणी वापरात झिजतात आणि त्यांचे वजन घटते. तेव्हा वजनांवरून त्यांचा कालक्रम लावता येईल का? हे तपासण्यासाठी त्यांनी आधी आपल्या काळातील चलनी नाणी तोलून पाहिली. खिशातील नाणे हे तक्षशिलेच्या नाण्याचे भाष्य होऊ शकते, ही कल्पनाच लक्ष देण्याची एक नवी रीत होती.

मग त्यांनी घरामागच्या टेकड्या पायांखाली घातल्या. तेथे त्यांना अश्मयुगातील बारीक गारगोट्यांची हत्यारे सापडू लागली. ज्या टेकडीवर पुणेकर सकाळी फिरायला जात होते, तीवरच ती पडलेली होती. कोसंबींनी या हत्यारांचे माग जोडले, पशुपालकांच्या जुन्या वाटा ओळखल्या, त्या वाटांच्या संगमावर शेंदूर फासलेल्या देवीची ठाणी पाहिली आणि त्याच पट्ट्यांत पुढे व्यापारी मार्ग आणि कार्ले-भाजे-जुन्नरसारखी लेणी कशी आली याचा विचार केला. गावाबाहेर, वस्तीपासून दूर, आडरानात देवीचे ठाणे का असते? कारण ती वस्तीच्या आधीची आहे, ती वाटेची देवी आहे. 'मिथ अँड रिॲलिटी' (१९६२) या लेखसंग्रहात ही मांडणी सविस्तर आहे. कुंभारवाड्यात बायका हाताने फिरवायची संथ तबकडी वापरतात आणि पुरुष वेगाचे चाक फिरवतात, या फरकातही त्यांना मातीच्या भांड्यांच्या इतिहासाचे दोन थर दिसले.

या पद्धतीवर आक्षेप घेता येतात. एखादी रूढी आज आहे म्हणून ती हजारो वर्षे तशीच चालत आली, हे गृहीत धरता येत नाही. बारशातील वरवंटा अश्मयुगाची आठवण असेल. किंवा मूल दगडासारखे टणक होवो, एवढ्या साध्या इच्छेतून तो पुन्हा पुन्हा नव्याने पाळण्यात आला असेल. रूढीला अवशेष मानले की ती आज पाळणाऱ्या बाईच्या मनात काय आहे, हे विचारायचे राहून जाते. हा आक्षेप मान्य करूनही कोसंबींचे मोठेपण कमी होत नाही. त्यांनी उत्तरापेक्षा प्रश्न विचारण्याची जागा बदलली. दफ्तरखान्यात बसलेला मराठी इतिहासकार त्यांनी उठवून रस्त्यावर आणला. पेशव्यांच्या दफ्तरात जाते दळणाऱ्या बाईचा कागद सापडत नाही. पण जाते सापडते, आणि ते नीट पाहिले तर तेही कागदच आहे.

पाहिले गेलेले बोलू लागतात

इथवरच्या सर्व नजरा, लक्ष्मीबाईंचा अपवाद वगळला तर, कोणाकडे तरी बाहेरून पाहणाऱ्या होत्या. १९७८ साली दया पवारांचे 'बलुतं' आले आणि ही दिशा उलटली. शीर्षकच पाहा. आत्र्यांच्या ग्रंथात बलुते हा गावाच्या हिशेबातील एक रकाना आहे. पवारांच्या आत्मकथनात तो वाट्याला आलेल्या आयुष्याचा शब्द आहे. गावकीची कामे दोन्हीकडे आहेत: सांगावे पोचवणे, अधिकाऱ्याच्या दिमतीला राबणे, मेलेले जनावर ओढणे. 'गावगाड्या'त ती कर्तव्ये म्हणून येतात, 'बलुतं'मध्ये ती थकलेल्या पायांनी आणि रिकाम्या पोटाने येतात. महारांच्या बावन्न हक्कांची जी कथा गावोगाव सांगितली जाई, ती पवारांच्या हाती येताच हक्क या शब्दाची थट्टा होऊन बसते. वर्णनातील वस्तू बदललेली नाही. पाहणाऱ्याची जागा बदलली आहे, आणि त्यामुळे वस्तूच वेगळी झाली आहे.

लक्ष्मण माने यांचे 'उपरा' (१९८०) आणि लक्ष्मण गायकवाड यांचे 'उचल्या' (१९८७) यांनी फिरस्त्यांच्या प्रकरणाला उत्तर दिले. ज्या पालाकडे राहुटीतून संशयाने पाहिले गेले, त्याच पालातून आता राहुटी दिसू लागली. पोलीस कसा येतो, कोणती भांडी उलटीपालटी करतो, मुले कोठे लपतात, शाळेच्या पटावर नाव घालताना गुरुजींचा चेहरा कसा होतो, हे तपशील बाहेरच्या निरीक्षकाला कितीही सूक्ष्म नजर असती तरी मिळाले नसते. बेबी कांबळे यांच्या 'जिणं आमुचं' (१९८६) मध्ये महारवाड्यातील घराच्या आतली बाजू येते. सून, सासू, उपासमार, बाळंतपण आणि देवीचे खेळ. घरात शिरलेली लक्ष्मीबाईंची नजर आणि वेशीबाहेरच्या वस्तीतील बेबीताईंची नजर यांच्यामध्ये अर्धे शतक आणि एक वेस आहे.

आपल्या अभ्यासक्रमांत 'गावगाडा' बहुधा संदर्भग्रंथांच्या यादीत असतो आणि 'बलुतं' दलित साहित्याच्या घटकात. पहिल्यातून विद्यार्थी माहिती घेतो, दुसऱ्यातून वेदना. ही वाटणी दोन्ही ग्रंथांवर अन्याय करणारी आहे. तिच्यामुळे आत्र्यांची भूमिका तपासली जात नाही, कारण ती माहिती ठरते. आणि पवारांनी दिलेले गावव्यवस्थेचे ज्ञान गणतीत येत नाही, कारण ते वेदना ठरते. दोन्ही पुस्तकांतील एकाच कामाचे वर्णन वर्गात शेजारी शेजारी ठेवून वाचले, तर परिसर पाहणे म्हणजे काय याचा याहून चांगला धडा सापडणे कठीण.

आता काय दिसते?

पाटा-वरवंटा आता बहुतेक शहरी स्वयंपाकघरांतून गेला आहे. मिक्सरने त्याचे काम घेतले. जाते त्याच्याही आधी गेले. पिठाच्या गिरण्या आल्या, पहाटेचे दळण थांबले आणि दळताना म्हटल्या जाणाऱ्या ओव्यांचा प्रसंगच उरला नाही. हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी त्यांच्या सहकाऱ्यांसह गावोगाव फिरून एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या, म्हणून ते भांडार वाचले. मात्र गिरणी आल्याचे दुःख करताना थोडे थांबायला हवे. दळणाऱ्या बाईला विचारले असते तर तिने गिरणीचे स्वागतच केले असते. पहाटे तीनला उठून खांदे भरून येईपर्यंत दळणे, हे त्या ओवीचे मोल होते. ओवी वाचवणे आणि जाते परत आणणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. परिसराकडे लक्ष देण्याच्या नावाखाली इतरांच्या कष्टांचे कौतुक करत बसणे हा या वाटेवरचा नेहमीचा खड्डा आहे, आणि आपले ललितगद्य त्यात वारंवार पडले आहे.

मग विद्यार्थ्यांना काय सांगावे? 'डोळे उघडे ठेवा' हा सल्ला निरुपयोगी आहे. ते उघडेच असतात. या इतिहासातून त्याहून नेमके प्रश्न हाती लागतात. म्हाइंभटांकडून: उद्या काय नाहीसे होणार आहे? मोल्सवर्थकडून: या वस्तूला, तिच्या प्रत्येक भागाला लोक काय म्हणतात? जोतीरावांकडून: येथे नेमके काय आणि किती आहे, आणि त्यावरून कोण दोषी ठरते? लक्ष्मीबाईंकडून: हा मोठा विचार घरातील कोणत्या भांड्यात राहतो? कोसंबींकडून: हे येथेच का, आणि कधीपासून? दया पवारांकडून: मी हे कोठे उभा राहून पाहतो आहे, आणि ज्याच्याकडे पाहतो आहे त्याला मी कसा दिसतो?

महाविद्यालयाच्या फाटकासमोर चहाची टपरी असते. तिचा मालक कोणत्या तालुक्यातून आला, तो जागेचे भाडे कोणाला देतो, पेले विसळायचे पाणी कोठून आणतो, कपाळाला शेंदूर लावलेला जो दगड त्याने टपरीच्या कोपऱ्यात मांडला आहे तो कोणाचा देव, हे एम. ए.च्या वर्गातील किती जणांना सांगता येईल? दोन वर्षे रोज तेथे चहा पिऊनही बहुधा कोणालाच नाही. एक चाचणी परीक्षा कमी करून त्या टपरीवर दहा पानांचा निबंध लिहायला सांगावा. तो लिहून झाला की टपरीवाल्याला वाचून दाखवावा, आणि तो ज्या ज्या ठिकाणी 'असं नाही' म्हणेल त्या त्या ठिकाणी खूण करावी. गुण त्या खुणांच्या दुरुस्तीला द्यावेत.